गोव्यातली रोड बाइक : तीन पावसाळे झाले, आता खर्च कुठून सुरू करू?

रापणकार

नमस्कार मंडळी. मी म्हापशाला राहतो, नोकरी पणजीत. तीन वर्षांपूर्वी ३८ हजारांना पहिली रोड बाइक घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो क्लॅरिसचे २×८ गियर, पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या, मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), रिम ब्रेक, ७००×२५ चे टायर. क्रँक दुसऱ्या कंपनीची, चौकोनी टोकाच्या ॲक्सलवाली. रिकामी सायकल साडेदहा किलो भरते.

आठवड्यातून तीन दिवस गिरी-पर्वरीवरून ऑफिसला जातो. रविवारी रायबंदरला फेरीबोटीत घालून चोडणला उतरतो, मग मयेमार्गे डिचोली आणि अस्नोड्यावरून घरी. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला लागून पहाटे जाताना मानशीपाशी (पाणी सोडायच्या दारापाशी) बगळे बसलेले असतात, पाणी हललेलं नसतं. ही सायकल आली नसती तर मी त्या वेळी अंथरुणात असतो. म्हणून ती विकायची कल्पना मनाला लागते.

यंदा पाऊस ओसरल्यावर मात्र तक्रारी सुरू झाल्या. मागचा तिसरा-चौथा गियर जोर दिला की सुटतो. मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर गियर यायला दोन-दोन पायडलं लागतात. मागचा ब्रेक ओढायला जड झालाय. चढावर खालून कर्र-कर्र आवाज येतो.

एका दुकानात दाखवली. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, हा ग्रुपसेट (गियर-ब्रेकचा संच) मुळात स्वस्तातला, काढून टाका, शिमानोचाच वरचा १०५ बसवून घ्या. सांगितलेला आकडा सायकलच्या मूळ किमतीपेक्षा जास्त होता.

माझ्याकडे २० हजार आहेत. या थंडीत दोन गोष्टी करायच्या आहेत, चोर्ला घाट सायकलवरून न उतरता चढायचा आणि २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) पूर्ण करायची. ग्रुपसेट, हलकी चाकं, की आणखी पैसे साठवून नवी सायकल? ज्यांनी इथल्या हवेत सायकल जगवली आहे त्यांनी कृपया सांगा.

फर्मागुडी

दादा, खर्च ठरवायच्या आधी तीन प्रश्न. चैन शेवटची कधी बदलली? गियरच्या केबल आणि त्यांची बाहेरची नळी कधी बदलली? सायकल कधी उजव्या अंगावर पडली होती का?

रापणकार

चैन मूळचीच आहे. केबलही मूळच्याच. पडली होती, जूनमध्ये, पर्वरीच्या उतारावर ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर. मला लागलं नाही, सायकललाही फक्त खरचटलं होतं.

फर्मागुडी

मग माझ्या मते तुमच्या ग्रुपसेटचा काही दोष नाही.

चैनीपासून सुरू करू. स्टीलची पट्टी घ्या. सायकलच्या चैनीत दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ पिनांना बरोबर १२ इंच. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. ती १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चैन अर्धा टक्का झिजली, तेव्हाच बदलायची असते. एक अष्टमांश गेली असेल तर एक टक्का, आणि मग कॅसेटचे दातही त्या लांबलेल्या चैनीच्या मापाने झिजलेले असतात. अशा कॅसेटवर नवी चैन टाकली की ती जोर दिल्यावर दातावरून उडी मारते, आणि झीज फार झाली की जुनीही मारते. तुमचा तिसरा-चौथा गियर ऑफिसच्या वाटेवर सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून तोच सुटतोय.

आता केबल. मोठ्या चकतीवर जाताना तुम्ही बोटाच्या जोराने केबल ओढता. लहान चकतीवर येताना ओढणारं कोणी नसतं, डिरेलरची (चैन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग एकटी केबल परत खेचते. नळीत गंज आणि लाल माती बसली की तिला ते घर्षण झेपत नाही. म्हणूनच गियर एका बाजूला नीट जातो आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळतो. डिरेलरला जाणारी शेवटची वळणदार नळी आधी काढून बघा, पाणी तिथेच साचतं.

तिसरी गोष्ट हँगर. फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला तो लहान ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, पडल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. थोडासा वाकला तरी आठही गियर एकाच वेळी जुळत नाहीत. तो सरळ करायला मापाचं हत्यार लागतं, हाताने दाबू नका.

आणि १०५ बद्दल एक गोष्ट त्या दुकानाने सांगायला हवी होती. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडच्या रोड कॅसेट एकाच रुंदीच्या फ्रीहबवर (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसतात. १०५ मध्ये मागे जास्त गियर असतात, आणि ११ स्पीडची रोड कॅसेट बसवायला फ्रीहब १.८५ मिलिमीटर जास्त रुंद लागतो. तुमचं मागचं चाक जुन्या रुंदीचं असेल तर ग्रुपसेटबरोबर फ्रीहब किंवा अख्खं चाक बदलावं लागेल. तो खर्च त्या आकड्यात धरला होता का?

रापणकार

नव्हता. चाकाचा विषयच निघाला नाही.

पट्टी लावली. चोविसावी पिन एक अष्टमांशाच्याही पुढे आहे.

वाघेरी

मी सत्तरी तालुक्यातला, चोर्ला माझ्या घरामागचा घाट. त्यावर बोलतो.

साखळीहून केरीपर्यंत पाय मोकळे होतात. अंजुणे धरण मागे पडलं की खरा चढ. वर सुमारे ८०० मीटर उंची, आणि तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघालेले असता. एकदम भिंतीसारखा चढ फार नाही, पण तो थांबत नाही. थकव्यापेक्षा आधी गुडघा बोलतो, कारण गियर जड असतो.

तुमच्याकडे पुढे ३४ ला मागे २८. टायर २८ मिलिमीटरचा धरला तर पायडलची एक फेरी म्हणजे सुमारे २.६ मीटर. ताशी ८ किलोमीटरने चढत असाल तर मिनिटाला ५१ फेऱ्या होतात. त्याच वेगाला मागे ३२ ची चकती असेल तर ५९ फेऱ्या. आकड्यात आठचा फरक, पण दीड तास चढताना तो गुडघ्याच्या वाटीला कळतो. मी ११-२८ वर तीन वेळा अर्ध्यातून उतरलो. ११-३२ घातल्यावर त्याच महिन्यात वर गेलो, तेव्हा माझे पाय काही वेगळे झाले नव्हते.

तुम्हाला कॅसेट बदलायचीच आहे, तर ११-३२ घ्या. आधी डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला मॉडेल क्रमांक वाचा. क्लॅरिस आर२००० चा जीएस, म्हणजे लांब केजवाला (चैन ताणून धरणारा हात लांब असलेला) असेल तर तो ३४ दातांपर्यंत घेतो. एसएस, म्हणजे आखूड केजवाला, असेल तर ३२ घ्यायच्या आधी विचारा. चकती मोठी झाली की चैनही मोठी लागते. डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून चैन गुंडाळायची आणि जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवायच्या. जुन्या चैनीशी मोजून कापली तर आखूड पडेल.

आणखी एक. माझी चैन एकदा याच घाटात तुटली. जिथे बसवली होती तिथे कारागिराने जुनीच पिन परत ठोकली होती. शिमानोच्या चैनीची पिन एकदा काढली की ती परत वापरायची नसते, जोडायला नवी पिन लागते. मी वळणावर उभा राहून पायडल मारत होतो, मागून बेळगावची ट्रक येत होती. वाचलो. तेव्हापासून ८-स्पीडची क्विक लिंक (पिनेशिवाय जोडता येणारी कडी) आणि लहान चैन-टूल सीटखालच्या पिशवीत असतं. तुम्हीही ठेवा.

दोन चाकं

मला वेगळं वाटतं. २० हजार या सायकलवर घालू नका. गोव्यात पणजीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रिम ब्रेक ओल्यात आधी पाणी पुसतो आणि मग पकडतो. लाल मातीची चिकणी पेस्ट पॅडमध्ये अडकते आणि रिम घासून खाते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत रुंद टायरला जागा मिळते आणि रिम झिजायची भीती जाते. आणखी वर्षभर साठवा, ही विका, डिस्कवाली घ्या. पर्वरीचा उतार पावसात रोज उतरणाऱ्या माणसाला मी हेच सांगेन, कारण हा वेगाचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

फर्मागुडी

दोन चाकं, तुमचा मुद्दा खरा आहे आणि आज कोणी नवी घेत असेल तर मीही डिस्कच सांगेन. पण वर्षभर साठवायचं म्हणजे वर्षभर याच ब्रेकवर उतरायचं. तेवढ्यासाठी तरी ते नीट करायला हवेत.

रापणकार, मूळचे पॅड बहुतेक कडक रबराचे असतील. कार्ट्रिजवाले (नुसतं रबर बदलता येतं असे), ओल्यासाठी बनवलेले पॅड घ्या, कूल-स्टॉपचे सामन रंगाचे मी वापरतो. ब्रेकची केबल आणि नळी दोन्ही नवी. दर ओल्या फेरीनंतर पॅडमध्ये रुतलेले खडे सुईने काढायचे आणि रिम पुसायची. रिमवर झिजेची खूण असते, बारीक खाच किंवा टिंब. ती दिसेनाशी झाली किंवा बोट फिरवल्यावर रिमचा गाल आत गेलेला लागला तर ती रिम बाद.

बेतीचा धक्का

मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून थोडं लांबण लावतो.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. मी तेव्हा बेतीच्या बाजूला राहून पणजीत कामाला होतो. नवा पूल होईपर्यंत रोज सायकल फेरीबोटीत घालून नदी ओलांडली. भर पावसात बोटीच्या फळीवर उभं राहिलं की खालून खारं पाणी, वरून गोडं पाणी. माझी काळी, जड सायकल होती. ती बावीस वर्षं चालली आणि नंतर भाच्याने चालवली.

ती टिकली कारण रोज संध्याकाळी तिच्यावर दोन तांबे गोडं पाणी टाकून कोरड्या फडक्याने पुसायचो. दर रविवारी रॉकेलने चैन धुवायची, वाळवायची, मग तेल. आणि दर गणेशचवथीच्या आधी सीटची दांडी काढून ग्रीस लावून परत बसवायची. घरात गणपतीसमोर माटोळी बांधायची गडबड असायची आणि मी अंगणात सायकल उघडून बसलेलो असायचो, आईची बोलणी खायचो.

पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल तुम्ही रोज बघता. मागे पावाचं टोपलं, हँडलला भोंगा, ऊन-पाऊस काही नाही. त्यातल्या जुन्या सायकलींची चैन पत्र्याच्या पेटीत पूर्ण झाकलेली असते, म्हणून तिला माती लागत नाही. तुमची रोड बाइकची चैन उघडी आहे. म्हणून तिची काळजी पोदेरापेक्षा दुप्पट घ्यावी लागणार.

बाबा, तू सीटची दांडी तीन वर्षांत कधी काढलीस का?

रापणकार

काका, नाही काढली. तुमचं वाचून आज संध्याकाळी बोल्ट सोडला. दांडी हलत नाहीये. वरही नाही, फिरतही नाही.

बेतीचा धक्का

तीच भीती मला वाटत होती. ॲल्युमिनियमवर घाम आणि खारी हवा बसली की पांढरा क्षार तयार होतो, तो फुगतो आणि दोन नळ्या एकमेकींना धरून बसतात. हातोडी मारू नकोस. पकडीने दांडी पिरगाळूही नकोस. सायकल उलटी करून खालच्या बाजूने, बाटलीच्या बोल्टच्या भोकातून आत शिरणारं पातळ तेल सोड, दुसऱ्या दिवशी सरळ करून वरून क्लँपच्या फटीतून सोड. असं तीन-चार दिवस. मग सीटच धरून आडवी फिरवायचा प्रयत्न कर, वर ओढायचा नंतर. नाही झालं तर जाणत्याकडे ने आणि त्याला घाई करू देऊ नकोस. फ्रेमची नळी फाटली तर सगळंच गेलं.

आधी उंचीची खूण म्हणून दांडीला चिकटपट्टी लाव.

साळ नदी

मी मडगावची. कोलवा-बाणावली-वार्का-केळशी असा किनाऱ्याला धरून मोबोरपर्यंत माझा नेहमीचा रस्ता, त्यामुळे काकांच्या प्रत्येक शब्दाला होकार. माझ्या हँडलची टेप दोन वर्षांनी काढली तेव्हा खाली पांढरी भुकटी आणि खड्डे पडलेले होते. घाम टेपमधून आत झिरपतो, तो वाळत नाही. हँडल धावत्या सायकलीवर मोडलं तर काय होईल याची कल्पना करा. मी ते लगेच बदललं. रापणकार दादा, तुम्ही केबल बदलणार म्हणजे टेप निघणारच, तेव्हा हँडल नखाने खरवडून नीट बघा. स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या पुढच्या तुकड्याचे) बोल्टही. परत आवळताना बहुतेक स्टेमला ५ न्यूटन-मीटर पुरतं, स्टेमवर छापलेलं असतं.

दुसरी गोष्ट अजून कोणी विचारली नाही. सायकल तुमच्या अंगाला बसलेली आहे का? बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. म्हणजे सरासरी ताशी १५ च्या आत. वेगासाठी कोणाला १०५ लागत नाही. पण हात बधिर झाला, मान धरली किंवा बसायची जागा सोलली तर दीडशेव्या किलोमीटरला घरच्यांना फोन करावा लागतो. माझा पहिला प्रयत्न तसाच संपला. फ्रेम योग्य मापाची होती, पण स्टेम माझ्यासाठी लांब होतं. ११० मिलिमीटरचं काढून ८० चं घातलं, सीट थोडी पुढे घेतली, आणि करंगळी-अनामिकेचा बधिरपणा गेला. त्या महिन्यात मी सायकलवर केलेला तो सगळ्यात कमी खर्च होता.

सीटची उंची अंदाजे बघायची असेल तर भिंतीला धरून बसा, अनवाणी टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग बूट घालून पुढचा चवडा ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. तुमची दांडी सुटली की हे आधी करा.

रापणकार

ताई, तुम्ही नेमकं दुखणं ओळखलंत. ओल्ड गोव्याच्या पुढे गेलो की माझ्याही उजव्या हाताची दोन बोटं झोपतात. मी समजत होतो की रोड बाइक म्हणजे हे असणारच.

मनातली एक गोष्ट सांगतो. मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही पोहणं-सायकल-धावणं अशी स्पर्धा होते, त्यात ९० किलोमीटर सायकलिंग असतं. मी कडेला उभा राहून बघतो. त्या कार्बनच्या सायकली अंगावरून जातात तेव्हा टायरांचा जो आवाज येतो तो दिवसभर कानात राहतो. हलक्या चाकांची हौस तिथून आली आहे. चाकांचा खरंच काही उपयोग नाही का?

फर्मागुडी

उपयोग आहे, पण तुमच्या पैशात नाही. हिशेब मांडतो. तुम्ही, सायकल, पाणी, अवजारं मिळून ८५ किलो धरू. अर्धा किलो कमी केला तर ०.६ टक्के. चोर्ल्याच्या दीड तासाच्या चढावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचेल. सपाट रस्त्यावर तर वजनाचा प्रश्नच कमी, तिथे हवा अडवते, आणि हवेला सगळ्यात मोठी अडचण तुमची छाती आणि खांदे. ताईंनी सांगितलेल्या बैठकीने हात वाकवून खाली राहता आलं तर चाकांपेक्षा जास्त मिळेल.

तो आवाज मात्र बराचसा टायरचा असतो, आणि टायर तुम्हाला परवडतात. मूळच्या टायरमध्ये तारेची कड असते, रबर जाड आणि निर्जीव. घडी होणारा, मऊ धाग्याचा टायर घ्या, २८ चा. पण आधी मोजा. ब्रेकच्या कमानीखाली आणि फोर्कमध्ये टायर फुगल्यावर निदान ३-४ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. काही रिम ब्रेकच्या सायकलींत २८ छापलेला टायर प्रत्यक्षात ३० भरतो आणि घासतो.

हवा भरताना १०० पीएसआयचा हट्ट सोडा. २८ ला तुमच्या वजनाला पुढे ६५ आणि मागे ७२ च्या आसपास सुरू करा, टायरवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. इथले रस्ते खडबडीत आहेत. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल उचलतो, ती उचलायची ताकद तुमच्या पायातून जाते. थोडा मऊ टायर खडा गिळतो आणि पुढे जातो. बाणस्तारीचा पूल ओलांडून कुंडईच्या चढावर मी हा फरक कितीदा अनुभवलाय.

रापणकार

तीन आठवड्यांनी लिहितोय.

दांडी सहाव्या दिवशी सुटली. काकांनी सांगितल्याप्रमाणे तेल सोडत राहिलो, सीट धरून फिरवली, एक मोठा कडाक आवाज आला आणि ती हलली. बाहेर काढल्यावर खाली पांढरा थर, आणि सायकल उलटी केल्यावर फ्रेममधून वाटीभर लाल पाणी पडलं. मी चक्रावलो. तीन पावसाळ्यांचं पाणी सीटच्या नळीतून आत जाऊन खाली साचत होतं. नळी साफ केली, ग्रीस लावून दांडी बसवली. कर्र-कर्र आवाज तिथेच संपला. दुकानात बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा ॲक्सल फिरतो तो भाग) बदलायला सांगितलं होतं, तो हाताने हलवून बघितला, जराही ढिला नाही. राहू दिला.

डिरेलर जीएस निघाला. ११-३२ ची कॅसेट, नवी चैन, गियर-ब्रेकच्या सगळ्या केबल आणि नळ्या, पॅड, २८ चे घडीचे टायर, नवी टेप, ९० चं स्टेम. हँगर खरंच आत वाकला होता. फोंड्याच्या एका कारागिराने मापाचं हत्यार लावून सरळ करून दिला आणि मला शेजारी उभं करून दाखवला. मागचं चाक थोडं आउट होतं, तेही त्याने सरळ करून दिलं. हँडल चांगलं आहे. सगळं मिळून साडेतेरा हजार.

पहिल्या सकाळी पर्वरीच्या चढावर गियर टाकला आणि तो पडला, टक्क करून. मी उगाच चार वेळा वर-खाली केला. हीच सायकल तीन वर्षांपूर्वी दुकानातून आणली त्या दिवशी अशी होती, आणि मी ते विसरून गेलो होतो.

साळ नदी

फार बरं वाटलं. बोटांचं काय?

रापणकार

ताई, ओल्ड गोवा ओलांडून खांडोळ्यापर्यंत गेलो, बोटं जागी. सीट आठ मिलिमीटर वर गेली आहे. पहिले दोन दिवस मांडीची मागची शीर ओढली, मग सवय झाली.

दोन चाकं

अभिनंदन. नवीन पॅडवर पर्वरीचा उतार कसा वाटतो ते पावसात सांगा. माझं मत तोपर्यंत राखून ठेवतो.

वाघेरी

उरलेल्या साडेसहा हजारांतून दिवे घ्या, पुढचा-मागचा चांगला, आणि चमकणारं जाकीट. बीआरएमला तसंही लागतंच. मग चोर्ल्याला या. मी केरीला थांबतो. पहाटे साडेपाचला साखळी सोडा, आठनंतर वरून ट्रक उतरायला लागतात.

रापणकार

काल चढलो. वाघेरीभाऊ सोबत होते, माझ्यासाठी हळू चालवत होते हे मला कळत होतं. एकदा पाणी प्यायला थांबलो, पण उतरून चाललो नाही. ३४ ला ३२ वर बसूनच राहिलो. वरच्या वळणांवर धुकं होतं आणि दरीतून धनेशाचा आवाज येत होता. वर पोचायला एक तास बेचाळीस मिनिटं लागली. उतरताना ब्रेक दर वळणाआधी सोडून-धरून वापरले, रिम तापू नये म्हणून.

घरी येऊन सायकलीवर दोन तांबे पाणी टाकलं, पुसली, चैनीला तेल दिलं. काका, तुमची आठवण झाली.

बेतीचा धक्का

देव बरें करूं, बाबा. पुढच्या चवथीच्या आधी दांडी काढायची विसरू नकोस.

नवखा सायकलस्वार

सगळा धागा वाचला, खूप शिकलो. माझीही अशीच ८-स्पीड आहे, मडगाव-वेर्णा रोज. रापणकार, २८ चे टायर घातल्यावर पावसाळ्यात मडगार्ड बसतात का? मला २५ वर राहावं की २८ घ्यावं ते ठरत नाहीये.

रापणकार

माझ्या सायकलीत ब्रेकच्या कमानीखालून २८ बरोबर पूर्ण मडगार्ड जात नाही, मोजून बघितलं. २५ बरोबर कसाबसा गेला असता. जुने २५ चे टायर ठेवले आहेत. जूनमध्ये ते परत घालून पूर्ण मडगार्ड लावावेत की २८ ठेवून दांडीला अडकवायचं अर्धं मडगार्ड घ्यावं, हे अजून ठरवलं नाही. अर्ध्या मडगार्डने पाठ कोरडी राहते, पण पुढच्या चाकाचं पाणी चैनीवर येतंच. फर्मागुडी, तुम्ही काय करता?

फर्मागुडी

पावसात २५ आणि पूर्ण मडगार्ड, पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर, जमिनीपासून चार बोटं वर. चैन निदान दुप्पट चालते, माझ्या सायकलीपुरतं सांगतो. ऑक्टोबरात परत २८. टायर बदलताना दोन्ही वेळा रिमची पट्टी आणि तारांच्या निपलवरचा पांढरा क्षार बघून घेतो. वेर्ण्याच्या रस्त्यावर ट्रकमागून उडणारं पाणी बघता, नवख्या मित्रा, तुम्हीही तेच करा.